प्रकल्प नोंदी: 'भोंगा' गाण्याचा व्हिडिओ, इंदूर

20 जुलै 2025, रविवार

चौघांच्या बँडच्या 'भोंगा' गाण्याचं फायनल मिक्स आज आलं, व्हिडिओ मी करतेय. 4 मिनिटं 16 सेकंद, टेम्पो 75, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. हेडफोन लावून ऐकत बसले आणि वहीत पहिलं वाक्य हे लिहिलं की गाणं नेमकं कोणाचं आहे ते आधी ठरवा. व्हिडिओ करायचा म्हटलं की सगळे थेट लोकेशन, कपडे, ड्रोन यावर येतात आणि हा प्रश्न तसाच राहून जातो.

गाणं असं आहे की ड्रमरचे आजोबा इथल्या एका कापड मिलमध्ये लूमवर होते, मिल बंद पडून तीस वर्षांच्या वर झाली, तरी आजोबा अजून पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठून बसतात. नंदानगरच्या घरात बाकी सगळे झोपलेले आणि हे तोंड धुऊन, शर्टाची बटणं लावून दाराशी खुर्ची टाकून. शब्द गायिकेने लिहिलेत, मराठीत, आणि रडके अजिबात नाहीत, धृपद तर एवढंच की 'भोंगा झाला का रे'. तिसऱ्या कडव्यानंतर चार बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची चार आवर्तनं, पूर्ण शांतता ठेवलीय. वाद्यं बंद, गाणं बंद, नुसती खोलीची हवा ऐकू येते. भोंगा वाजायला हवा होता ती ही जागा.

75 टेम्पो निवडल्याबद्दल त्यांना मनापासून धन्यवाद, कारण सेकंदाला 25 फ्रेमने शूट केलं की एक बीट (ठोका) बरोबर 20 फ्रेमची होते, एक बार 80 ची, आणि ती शांतता 320 फ्रेमची म्हणजे 12.8 सेकंद. टेम्पो 84 असता तर बीट बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मधेच कुठेतरी पडली असती आणि कट लावताना जीव गेला असता.

22 जुलै, मंगळवार

रात्री बेसवाल्याकडे जमलो. त्याच्या आईने पोहे केले होते, वर शेव आणि जीरावण, त्यामुळे कामाचं बोलणं पोहे संपल्यावरच सुरू झालं.

गिटारवाल्याच्या डोक्यात चित्र पक्कं आहे. मिलची पडकी भिंत, पुढे चौघं काळ्या कपड्यांत, धूर, आणि वरून ड्रोन खाली येतोय. दिसायला भारी दिसेल यात वादच नाही. पण मी म्हटलं, असं केलं तर गाणं तुमचं होऊन बसतं, बघणाऱ्याला वाटणार ही चार पोरं मिलसाठी चिडलीत, आणि तुमच्यापैकी एकानेही तो भोंगा ऐकलेला नाही, तुमचा जन्मच नंतरचा. गाण्यात जो माणूस वाट बघतोय तो तुम्ही नाही.

गायिकेने लगेच विचारलं, "मग ताई, आम्ही दिसायचंच नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. पहिलाच व्हिडिओ, लोकांना चेहरे कळायला हवेत, पुढचे कार्यक्रम त्यावरच मिळतात.

आपल्याकडे एक वेगळीच सवय आहे, सिनेमाच्या गाण्यात आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचित्र वाटतच नाही. लताबाई याच इंदुरात 1929 साली जन्मल्या, त्यांचा आवाज किती नट्यांवर बसला आणि आपण तो दर वेळी त्या पात्राचाच म्हणून ऐकला. स्वतःचं गाणं घेऊन गायक स्वतः पडद्यावर येतो हे घराघरात रुजलं ते 90 च्या दशकात, 1994 ला चॅनल व्ही आलं, 1996 ला एमटीव्ही इंडिया, त्याच वर्षी लकी अली 'ओ सनम' घेऊन इजिप्तच्या वाळूत उभा राहिला. तेव्हापासून हिशोब सोपा झाला, जो गातोय त्याचीच गोष्ट. आमच्या गाण्याचं घोडं तिथेच अडतंय. गातेय चोवीस वर्षांची मुलगी आणि गोष्ट आहे ऐंशीच्या पुढच्या माणसाची.

शेवटी एवढं ठरलं की भिंत आणि ड्रोन सध्या बाजूला, पुढच्या बैठकीपर्यंत मी बघून येते की इतरांनी बँडला कुठे उभं केलंय.

25 जुलै, शुक्रवार

दिवसभर जुने व्हिडिओ. प्रत्येकात एकच गोष्ट शोधली, बँड कुठे आहे आणि तिथे असल्यामुळे गाण्याचं काय होतं.

क्वीनचा 'बोहेमियन रॅप्सडी', 1975. ब्रूस गॉवर्सने एल्स्ट्रीला साधारण चार तासांत शूट केला, तोही यासाठी की दौऱ्याच्या धबडग्यात टीव्हीच्या कार्यक्रमात जाऊन ओठ हलवायला वेळ नव्हता. अंधारात चार चेहरे, पत्त्यांतल्या चौकटसारखी मांडणी, ती त्यांच्या 1974 च्या अल्बम कव्हरवरच्या मिक रॉकच्या फोटोतून आलेली. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात ते लेन्सपुढे प्रिझम ठेवून आणि कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून केलंय, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. गाण्याचा अर्थ तो व्हिडिओ सांगत नाही, सांगायच्या भानगडीतच पडत नाही. हे चौघं मिळून एकच गळा आहेत एवढं मात्र असं ठसवतो की आजही क्वीन म्हटलं की तेच चार चेहरे डोळ्यापुढे येतात.

आ-हा या बँडच्या 'टेक ऑन मी' मधे शिकायला मिळतं ते हे की त्या गाण्याचा आधी एक साधा व्हिडिओ होता, बँड निळ्या पडद्यापुढे वाजवतोय, आणि तो चालला नाही. मग 1985 ला स्टीव्ह बॅरनने दुसरा केला, सुमारे 3000 फ्रेम हाताने रेखाटल्या गेल्या, 16 आठवडे लागले. गायक पेन्सिलीच्या जगात अडकलाय आणि मुलगी खऱ्या जगात, म्हणजे गाण्यातली जी हाक आहे तिला आता अंतर मिळालं. पहिल्यात ते अंतरच नव्हतं, हाक मारणारा एकटाच उभा होता.

'द हार्डेस्ट बटन टु बटन', व्हाइट स्ट्राइप्स, 2003, मिशेल गाँड्री. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला रस्त्यावर एक नवीन ड्रमसेट उगवतो, 32 एकसारखे सेट आणले होते. शब्दांना हातही लावलेला नाही आणि तरी गाणं कसं बांधलंय ते डोळ्याला दिसतं. ड्रमरला हा पाठवला, तो वेडाच झाला, पण आमच्या गाण्याचा जीव ठोक्यात नाही.

ओके गोचा ट्रेडमिलवाला 2006 चा, आठ ट्रेडमिल आणि एकच सलग टेक, त्याला ग्रॅमी मिळालं. बँड कष्टाळू, हुशार, एकमेकांवर विश्वास असलेला आहे हे त्यातून दिसतं आणि त्या बँडला तेच दाखवायचं होतं. पण मला विचाराल तर ट्रेडमिल सगळ्यांना आठवतात आणि शब्द फार थोड्यांना, आमच्या कामाचं ते नाही.

आता रेडिओहेडचे दोन, इथे मी अडकले ते रात्रीपर्यंत.

'जस्ट', 1995, दिग्दर्शक जेमी थ्रेव्ज. लंडनच्या फुटपाथवर एक माणूस चालता चालता आडवा होतो आणि उठत नाही. लोक जमतात, विचारतात, वाद घालतात, हे सगळं आवाजाशिवाय, खाली अक्षरांत, कारण वरती गाणं चालूच आहे. शेवटी तो सांगतो की तो का पडलाय, आणि नेमकी तेवढीच ओळ खाली लिहिलेली नाही. ओठ हलताना दिसतात बस. ऐकणारे सगळे आडवे होतात. दिग्दर्शकाने तो काय म्हणाला ते कधी सांगितलं नाही. आणि बँड कुठे आहे? वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाजवतोय, खिडकीशी येऊन खाली बघतोय. ती गोष्ट त्यांची नाही, ते साक्षीदार आहेत. हीच जागा मला हवी होती!

दुसरा 'नो सर्प्रायझेस', 1998, ग्रँट जी. एकच शॉट, गायकाचं डोकं काचेच्या घुमटात, पाणी चढत जातं, तोंड बुडतं, मिनिटभर तो तसाच, मग पाणी उतरतं आणि तो पुढची ओळ गातो. प्रत्यक्षात त्याला एवढा वेळ श्वास धरावा लागला नाही, मधला भाग वेगवान गाण्यावर शूट करून नंतर हळू केलाय. शब्द शांत, चाल अंगाईसारखी, आणि चित्र बुडणाऱ्या माणसाचं. शब्दात जे आहे तेच चित्रात दाखवलं असतं, छान घर, बाग, तर तो व्हिडिओ कोणी दुसऱ्यांदा बघितला नसता. आपल्याकडे 'चांद' आला की चंद्र आणि 'पाऊस' आला की पाऊस दाखवायची जी खोड आहे तिच्यावर हे चांगलं औषध आहे. गाणं जे बोलत नाही ते चित्राने बोलायचं.

27 जुलै, रविवार

नंदानगर, आजोबांकडे. मी, ड्रमर आणि गायिका. कॅमेरा नेला नव्हता, मुद्दामच.

आजोबा कमी बोलतात पण मिलचा विषय निघाला की खुर्चीत पुढे सरकतात. कापसाची लव केसांत कशी बसायची, पाळी सुटली की मालवा मिल चौराह्यावर माणसांचा लोंढा कसा यायचा, हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, लूमच्या खात्यात इतका खडखडाट असायचा की शेजारच्याला ओरडून सांगितलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून आम्ही आवाजाशिवाय बोलायचो. ओठ मोठे करून, हाताच्या दोन-चार खुणा. दहा लूम पलीकडच्या माणसाशी गप्पा व्हायच्या, सुपरवायझरला पत्ता नाही.

गायिकेने विचारलं, "आजोबा, करून दाखवाल?"

त्यांनी ड्रमरकडे बघितलं, खुर्चीतच ताठ झाले, आणि काहीतरी बोलले. आवाज अजिबात नाही. पण तोंडाचा प्रत्येक अवयव कामाला लागलेला, जबडा खाली येतोय, ओठ पुढे येतायत, भुवया वर, मग उजव्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे एकदा. आम्हाला काही कळलं नाही. ते हसले आणि मग आवाजात म्हणाले, "डबा आणलास का."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण तिघांच्याही डोक्यात एकच आलं होतं. ते 12.8 सेकंद.

भोंग्याच्या जागी भोंगा दाखवायचा नाही, जुन्या मिलचं फुटेज लावायचं नाही. बँडचं वाजवणं थांबतं, आणि आजोबा बोलतात. लिप-सिंक हा सगळ्या म्युझिक व्हिडिओंचा मूळ खेळ आहे, ओठ हलतात आणि आवाज टेपवरून येतो. इथे ओठ हलतील आणि येणारा आवाजच नसेल.

आजोबांना विचारलं तर आधी म्हणाले मला नाटकं जमत नाहीत. मी म्हटलं नाटक नकोच, नातवाला डबा विचारायचा. म्हणाले, हो, ते विचारीन.

3 ऑगस्ट, रविवार

बँडची जागा ठरली. आजोबांच्या घराची बाहेरची खोली, दार उघडं, दाराबाहेर आजोबांची खुर्ची. बँड आत वाजवतोय आणि बाहेर बघतोय. गिटारवाला आधी खट्टू होता, त्याला 'जस्ट' दाखवला, नीट दोनदा बघितला आणि म्हणाला, "म्हणजे आपण त्यांना ऐकतोय." बरोब्बर.

दुपारी गल्लीत टेस्ट. लांब लेन्सने गल्लीच्या टोकावरून शॉट घ्यायचा होता, स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि बँड पार दुसऱ्या टोकाला. आमच्या कॅमेरावाल्या भियाने (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) टेस्टच्या आधीच सांगितलं की असं चालणार नाही आणि गणित मांडून दाखवलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तीस मीटरवर तो जवळजवळ 0.09 सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे 25 च्या हिशोबात दोन फ्रेमच्या वर. ड्रमर त्याच्या कानाप्रमाणे बरोबर मारेल पण पडद्यावर काठी मागून पडताना दिसेल. गाणाऱ्याचं थोडं इकडेतिकडे चालून जातं, ड्रमचं चालत नाही, काठी आणि आवाज यातली फट डोळा लगेच पकडतो. म्हणून प्लेबॅकचा स्पीकर ड्रमच्या पाठीमागे, चादरीखाली. करून बघितलं, सगळं जागच्या जागी.

10 ऑगस्ट, रविवार

पहिल्या कडव्याची टेस्ट. गल्ली जागी होतेय, गायिका गात गात चालत जाते, आणि तिच्या आजूबाजूचं सगळं तरंगल्यासारखं हळू व्हायला हवं पण ओठ मात्र गाण्याबरोबर. यासाठी गाणं दुप्पट वेगाने लावायचं, 150 ला, कॅमेरा 50 फ्रेमवर, आणि एडिटमध्ये 25 वर चालवायचं. तिला दुप्पट वेगाने मराठी शब्द तोंडात बसवायचे म्हणजे सोपं नाही, 'ळ' आणि जोडाक्षरं आली की जबडा मागे राहतो. घरी आठवडाभर घोकून आली होती आणि सुरेख केलं, सायकलवरचा दूधवाला मागून जातो तो जणू पाण्यातून चाललाय आणि ही मात्र स्वच्छ गातेय.

हे फक्त पहिल्या कडव्यात वापरायचं. सगळीकडे वापरलं तर साबणाची जाहिरात होईल.

15 ऑगस्ट, शुक्रवार

1988 ला याच दिवशी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं होतं. आज घरी सगळ्यांनी परत बघितलं. भीमसेनजी सुरुवात करतात, पाठीमागे धबधबा, आणि ते कॅमेऱ्यासाठी काही म्हणजे काही करत नाहीत, हात जसा मैफलीत जातो तसाच जातो. गायिकेला एवढंच पाठवलं की तुझे हात बघ, गाताना जिथे जातात तिथे जाऊ देत.

24 ऑगस्ट, रविवार

मुख्य शूट. पहाटे सगळे नंदानगरला, पाऊस रात्री पडून गेलेला, गल्ली ओली, आणि उजेड असा की लाइट लावायची गरजच पडली नाही.

आजोबांचा शॉट पहिला घेतला, ते ताजे असताना. खोलीत बँड बसलेला, गाणं लावलं तिसऱ्या कडव्यापासून, शांतता आली, चौघांनी हात वाद्यांवरून उचलले. हे उचलणं आम्ही आधी फार नीट बसवलं होतं. वादक थांबतो तेव्हा हात सहसा वाद्यावरच विसावतो, तारांवर, झांजेवर, आणि मग बघणाऱ्याला कळतं की आता परत सुरू होणार. इथे हात मांडीवर. ड्रमरने काठ्या जमिनीवर ठेवल्या. आता कोणालाच कळत नाही की गाणं संपलं की काय.

आजोबांनी मान वळवली, नातवाकडे बघितलं आणि विचारलं. ओठांनी, बोटं जुळवून. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर, छातीपासून वर, ट्रायपॉडवर, हलवायचा नाही असं भियाला सांगितलं होतं. खालच्या ओठाची कड थरथरते ती वयामुळे, पण आकार इतके ठळक की मिलचा माणूस असेल तर पलीकडच्या फुटपाथवरून वाचेल. मग ड्रमरने उत्तर दिलं, त्याला आजोबांनीच शिकवलं होतं, आवाजाशिवाय 'आणलाय'. त्याचे ओठ आजोबांसारखे होत नाहीत. लहान होतात, लाजतात. मी दुसऱ्या टेकला त्याला मोठं कर म्हणणार होते आणि गप्प बसले, कारण दोन पिढ्यांतलं अंतर तिथेच दिसतंय.

नंतर बँडचे शॉट. बँड म्हणून त्यांना कसं दाखवायचं याचा माझा एक नियम होता आणि तो पाळला, एकट्याचा क्लोज-अप तेव्हाच जेव्हा तो दुसऱ्या कोणाकडे बघतोय. बेसवाला ड्रमरच्या पायाकडे बघतो, गिटारवाला गायिकेच्या श्वासाकडे, ती दाराबाहेर. कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही. चार जण एकत्र वाजवतात म्हणजे खरं तर एकमेकांना ऐकतात, आणि ऐकणं दिसतं ते नजरेतूनच. पोजमधून हे येत नाही.

शेजारच्या काकूंनी दुपारी सगळ्यांना जेवायलाच बसवलं, नाही म्हणायची सोय नव्हती.

31 ऑगस्ट, रविवार

गणपतीचे दिवस, बँडला रोज कुठे ना कुठे कार्यक्रम, शूट नाही. रफ कट बघितला. मधला भाग मिनिटभर रेंगाळतोय, त्याला बाहेरचं काहीतरी हवंय. ड्रमर म्हणाला, अनंत चतुर्दशीला आजोबा मिलची झांकी, म्हणजे दिव्यांचा देखावा, बघायला जातातच, आपणही जाऊ.

6 सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

इंदूरच्या बाहेरच्या वाचकाला हे सांगायलाच हवं की इथे अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात, ट्रॉल्यांवर विजेच्या दिव्यांचे हलते देखावे, पुढे अखाडे, लाठ्या फिरवणारी पोरं, आणि हे रात्रभर चालतं. परंपरेने शंभरी गाठलीय. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, ही सगळी बंद पडलेल्या मिलची नावं आहेत. हुकुमचंद मिल 1991 ला बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशाचे 224 कोटी रुपये मिळायला डिसेंबर 2023 उजाडलं. इतक्या वर्षांत मिल नाहीत पण झांक्या आहेत, मिलच्या गणेशोत्सव समित्या वर्गणी-मदत जमवून दर वर्षी उभ्या करतात. झांकीपुढे मिलच्या नावाची पाटी असते, दिव्यांनी उजळलेली.

जेल रोडला जागा धरून उभे राहिलो. दिव्यांचा त्रास होईल याची तयारी केली होती, आपली वीज 50 हर्ट्झची, 25 फ्रेमला शटर 1/50 सेकंदाचं ठेवलं की लखलखाट बराच सुटतो, तरी काही स्वस्त एलईडी पट्ट्या ऐकत नाहीत, त्या फ्रेमच्या कडेला ठेवल्या.

बँडला मी गर्दीत सोडलं होतं, वाद्यं नाहीत, गाणं नाही, नुसतं बघा. आजोबा ड्रमरच्या खांद्याला धरून फुटपाथच्या कडेला. त्यांच्या मिलची पाटी आली. आजोबांनी पायातल्या चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. पाटी पुढे गेल्यावर परत घातल्या. भियाने ते खाली पॅन करून पकडलं, चपला, बाजूला चिखल, आणि त्यावर लाल-हिरवा-पिवळा उजेड सरकत जातोय. बँडमधले चौघं त्या शॉटमध्ये अर्धवट आहेत, एकाचा खांदा, गायिकेची वेणी. बँडच्या व्हिडिओत बँड एवढा लहान होऊ शकतो आणि तरी व्हिडिओ बँडचाच राहतो, हे मला त्या क्षणी पटलं. कारण आजोबा ज्याला धरून उभे आहेत तो ड्रमर आहे.

9 सप्टेंबर, मंगळवार

एडिट. कट बीटवर टाकायचा मोह फार होतो, 20-20 फ्रेमचं सोपं गणित हाताशी आहे ना. पण सगळे कट बीटवर पडले की डोळा तिसऱ्या बारलाच ओळखतो आणि मग वाट बघत नाही. म्हणून धृपदात कट बीटवर, कडव्यात शब्दाच्या श्वासावर, आणि शांततेत दोनच कट, आजोबा, नातू, परत आजोबा.

झांकी कुठे लावायची यावर बराच खल. गिटारवाल्याला ती शेवटी हवी होती, दिवे, गर्दी, जोरात शेवट. मी ती दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधे लावली. शांततेच्या आधी डोळे दिव्यांनी भरलेले असले की ती खोली जास्त रिकामी वाटते. शेवटी लावली असती तर गाणं सणाचं झालं असतं. दोन्ही करून दाखवलं, त्याने स्वतःच मधली निवडली.

14 सप्टेंबर, रविवार

नंदानगरला घरच्या टीव्हीवर दाखवलं. आजोबांबरोबर त्यांच्या मिलचे तीन-चार जुने सोबती आले होते, एक तर काठी टेकत तिसऱ्या गल्लीतून. सुरुवातीला टीव्हीचा आवाज कमी का जास्त यावरच चाललं होतं. शांतता आली, पडद्यावर आजोबांचे ओठ हलले, आणि काठीवाले काका बसल्या जागी पडद्याकडे बघून ओठांनीच उत्तर देऊन मोकळे झाले. मग बाकीचे हसायला लागले आणि आपसात तशाच बिनआवाजाच्या गप्पा सुरू झाल्या, खोलीत सात-आठ माणसं, गाणं पुढे सरकलंय, यांचं लक्षच नाही.

आजोबांनी एकच सुधारणा सांगितली. ड्रमरने उत्तर देताना हाताची खूण केली नाही, 'आणलाय' म्हणताना बोटं खाली झटकायची असतात. मी म्हटलं परत शूट करू? म्हणाले, नको, त्याला अजून येत नाही तेच बरं आहे.

सबटायटल हिंदीत देतोय, इथला बराच प्रेक्षक हिंदी आहे. प्रश्न एकच उरला होता, आजोबांच्या वाक्याखाली अक्षरं द्यायची का. गायिका म्हणाली द्या, नाहीतर लोकांना काही कळणार नाही. माझं मत ठाम आहे की द्यायची नाहीत. 'जस्ट' मधे ती ओळ लपवलीय कारण दिग्दर्शकाला ती कोणालाच द्यायची नव्हती. आमची लपवलेली नाही, ज्याने लूमवर काम केलंय त्याला ती स्वच्छ वाचता येते, आज डोळ्यांनी बघितलं. बाकीच्यांना बोटं तोंडाकडे जाताना दिसतात, तेवढं पुरे. मतं घेतली, आजोबा धरून, अक्षरं नाहीत.

18 सप्टेंबर, गुरुवार

कलर झालं. घरातले शॉट थोडे थंड ठेवले, झांकी जशी होती तशी. शांततेत खोलीची हवा मिक्समध्ये फार बारीक होती, मोबाइलवर पूर्ण मूक वाटून लोक नेट अडकलं समजतील, म्हणून त्या दिवशी खोलीत वेगळा रेकॉर्ड केलेला पंख्याचा आवाज खाली हलका ठेवला. मिक्स करणाऱ्या मित्राने ऐकून हो म्हटलं.

नावांच्या पाटीत आजोबा 'कलाकार' म्हणून नकोत, ते म्हणाले मी काही कलाकार नाही, लूमवर होतो तेच लिहा. तसंच लिहिलं.

फाइल निघाली, 25 फ्रेम, दोन कॉपी, एक बँडकडे, एक माझ्याकडे. थंबनेल अजून ठरलेलं नाही. बँडला चौघांचे चेहरे हवेत, मला दारातून दिसणारी खुर्ची आणि मागे चौघं. उद्या संध्याकाळी बेसवाल्याकडे बसून ठरवतोय, मोबाइलच्या आकारात दोन्ही छापून नेतेय, कारण अंगठ्याएवढ्या चौकटीत चेहरे ओळखू येतात का हेच आधी बघायला लागेल.